शिरूरचा स्टाँटन, पॅरिसचा घोडा
जुने फ्रेंच लाकडी बुद्धिबळ संच ओळखावेत कसे, जमवावेत कसे?

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून कंपनी सरकारची एक तुकडी पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाजवळ तिची पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. तुकडीचा कप्तान होता फ्रान्सिस स्टाँटन. पुढे बत्तीस वर्षांनी लंडनमध्ये बुद्धिबळाचे नव्या धाटणीचे मोहरे बाजारात आले. आज जगभरच्या स्पर्धांत तेच वापरतात आणि त्यांनाही ‘स्टाँटन’ म्हणतात. मात्र हे नाव हॉवर्ड स्टाँटन या खेळाडूचे. कप्तानाचे आणि खेळाडूचे काही नाते असल्याचा पुरावा नाही. तरीही उद्या एखाद्या जुन्या बाजारात कोणी ‘शिरूरच्या स्टाँटनसाहेबाचा संच’ म्हणून एखादी पेटी पुढे केली, तर ती विकत घेणारे गिऱ्हाईक भेटायला वेळ लागणार नाही. जुन्या वस्तूंच्या व्यवहारात वस्तूआधी गोष्ट खपते. जुन्या फ्रेंच लाकडी संचांच्या बाबतीत हे फार घडते, कारण त्यांच्यावर सहसा कारागिराचे नाव नसते.

गेल्या काही वर्षांत बुद्धिबळाला आपल्याकडे पुन्हा बहर आला आहे. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण मिळवले. नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख त्या संघांत होते. २०२५ च्या जुलैमध्ये दिव्याने महिलांचा विश्वचषक जिंकला. खेळाबरोबर खेळाच्या साहित्याचे वेडही वाढते. परदेशी लिलावातले जुने संच घरबसल्या पाहता येतात आणि त्यांत फ्रेंच संच इंग्रजी संचांच्या मानाने आवाक्यात वाटतात. नवा संग्राहक तिकडे वळतो तो यामुळेच.

दोन गावे, दोन काळ

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा नकाशा समोर ठेवला, तर बुद्धिबळ संचांच्या इतिहासाची एक सोयीची खूण सापडते. शिरूर, म्हणजे जुने घोडनदी, हे वसईच्या तहानंतर तैनाती फौजेचे ठाणे झाले. १८०९ मध्ये इथेच वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर लोक पुढे ‘सत्पुरुषा’ची म्हणून पुजू लागले. दौंडचे महत्त्व नंतरचे आणि रेल्वेचे आहे. पुण्याहून रूळ १८५८ मध्ये दौंडपर्यंत आले आणि १८७८ मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेला.

या दोन काळांच्या मधोमध १८४९ हे साल येते. १ मार्च १८४९ रोजी नॅथॅनियल कुक याने लंडनमध्ये स्टाँटन धाटणीच्या मोहऱ्यांचे रेखाटन नोंदवले आणि त्याच वर्षी जेक्स या पेढीने ते विकायला काढले. त्यामुळे शिरूर छावणीच्या ऐन काळातला एखादा विलायती संच सापडलाच, तर तो स्टाँटनपूर्व धाटणीचा असायला हवा. इंग्लंडात तेव्हा सेंट जॉर्ज आणि बार्लीकॉर्न या धाटण्या चालत. दौंडच्या रेल्वे वसाहतीतून आलेला संच मात्र बहुधा स्टाँटन निघेल. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची मुंबईतली शाखा १८९१ मध्ये उघडल्यावर असे विलायती साहित्य मागवणे आणखी सोपे झाले.

फ्रेंच संचाला ही १८४९ ची रेघ लागू पडत नाही. त्याची जुनी धाटणी या सालाच्या आधी सुरू झाली आणि नंतरही कित्येक दशके टिकली. त्यामुळे केवळ घडण पाहून फ्रेंच संचाचा काळ सांगणारा माणूस पन्नास-साठ वर्षांनी सहज चुकू शकतो.

कॅफेतली धाटणी

पॅरिसच्या पॅले-रॉयालजवळचे ‘कॅफे द ला रेजांस’ हे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपच्या बुद्धिबळाचे माहेरघर होते. फिलिडोर इथे खेळला. त्याचे १७४९ चे बुद्धिबळावरचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. दिदेरो आणि रूसो या विचारवंतांची इथे ऊठबस होती. नंतर ला बूर्दोने आणि सें-आमां हे खेळाडू आले. दौंडला आगगाडी पोहोचली त्याच १८५८ साली, २७ सप्टेंबरला, पॉल मॉर्फी हा अमेरिकन तरुण इथे पटाकडे न पाहता एकाच वेळी आठ जणांशी खेळला. त्याने सहा डाव जिंकले, दोन बरोबरीत सोडवले.

या कॅफेच्या नावाने ओळखली जाणारी ‘रेजांस’ धाटणी ही फ्रेंच संचांची सर्वांत परिचित ओळख आहे. मोहरे उंच, सडपातळ, कातकामाने घडवलेले. कमरेशी बारीक, वर फुलदाणीसारखे फुगीर, आणि त्यावर एकाखाली एक कंगोरे. राजा आणि वजीर यांची अंगे जवळपास सारखी असतात. फरक उंचीत आणि शेंड्याच्या घाटात. हत्तीच्या जागी बुटका बुरूज. आपल्या उंटाच्या जागी इंग्रजांकडे बिशप आहे, म्हणून इंग्रजी मोहऱ्याच्या डोक्यावर धर्मगुरूच्या टोपीची तिरपी चीर असते. फ्रेंचांकडे त्या घरात विदूषक बसतो, त्यामुळे रेजांसमध्ये ती चीर नसते. नवख्याला हा मोहरा प्याद्यांतून पटकन वेगळा काढता येत नाही. सगळ्या संचात हाताने कोरलेला मोहरा एकच, तो म्हणजे घोडा. बाकीचे काम लेथवर होते.

देखणेपणात रेजांसला तोड नाही, पण खेळायला हे मोहरे अडचणीचे. तळ अरुंद, उंची जास्त, बुडात सहसा वजन नाही. बाही लागली की तीन-चार मोहरे आडवे. शिवाय देशोदेशीचे खेळाडू एकमेकांच्या धाटणीला बिचकत. हॉवर्ड स्टाँटन आणि सें-आमां यांची १८४३ ची गाजलेली लढत पॅरिसमध्ये झाली. सर्वांना एका नजरेत ओळखता येतील असे, रुंद तळाचे आणि जड बुडाचे मोहरे ही अशा सामन्यांच्या युगाची गरज होती. जेक्सच्या संचाने ती भागवली.

रेजांसशिवाय ‘दिरेक्त्वार’ नावाची एक साधी, कमी नटवी धाटणीही जुन्या फ्रेंच संचांत भेटते. दियेप बंदरातले हस्तिदंती, मानवी मुखवट्यांचे संच हा वेगळा प्रांत आहे. ते शोभेचे काम होते. लाकडी संचांच्या संग्राहकाने त्यांच्या वाटेला न गेलेले बरे, आणि भारतात तर कायद्याचेही कारण आहे. ते पुढे येईलच.

जुराच्या डोंगरातले कातारी

हे संच पॅरिसमध्ये खेळले गेले, पण घडले मुख्यतः पूर्व फ्रान्समधल्या जुरा डोंगराच्या परिसरात. सें-क्लोद आणि आसपासची गावे शतकानुशतके कातकामासाठी प्रसिद्ध होती. लाकडी जपमाळा, तपकिरीच्या डब्या आणि पुढे तंबाखूचे पाइप हा त्यांचा धंदा. हिवाळा लांब, शेती थोडी, जंगल भरपूर; घरोघरी लेथ चालत. त्याच लेथवर बुद्धिबळाचे मोहरे उतरले.

फ्रान्सने स्टाँटन धाटणी सावकाश स्वीकारली. रेजांस संच पहिल्या महायुद्धापर्यंत वापरात राहिले. विसाव्या शतकात मात्र फ्रेंच कारखाने स्वतःच्या वळणाचे स्टाँटन संच काढू लागले. लार्दी आणि शावे ही त्यातली संग्राहकांच्या तोंडी असलेली नावे. १९२४ मध्ये आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना पॅरिसमध्येच झाली, १९२७ चा जगज्जेता अलेखिन फ्रान्सकडून खेळला आणि चित्रकार मार्सेल द्युशां फ्रेंच संघातून ऑलिम्पियाडला उतरला. क्लब वाढले तसे क्लबसाठीचे टिकाऊ, परवडणारे संच लागू लागले. लार्दीचे संच त्याच मागणीतून आले: बॉक्सवुडचे, फिकट आणि काळे रंगवलेले, घोड्याचे कोरीवकाम मोजक्या कापांत उरकलेले, सरकत्या झाकणाच्या साध्या लाकडी पेटीत. आज ‘जुना फ्रेंच संच’ म्हणून विक्रीला येणारे बरेचसे संच याच जातीचे, म्हणजे विसाव्या शतकातले असतात. ते वाईट नाहीत. फक्त त्यांना नेपोलियनच्या काळात ढकलू नये.

हातात घेतल्यावर काय पाहावे

पहिली परीक्षा लाकडाची. युरोपीय बॉक्सवुड फार सावकाश वाढते, त्यामुळे त्याचे रेषे अतिशय बारीक असतात. भिंगाखालीही छिद्रे सहज दिसत नाहीत. नवे असताना ते फिकट पिवळे असते आणि वयाबरोबर मधासारखे होते. काळी बाजू दोन प्रकारची असते: खरे एबनी, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले काळे लाकूड, किंवा बॉक्सवुडच काळे रंगवलेले. रंगवलेल्या मोहऱ्याच्या तळाशी किंवा टवका उडालेल्या जागी आतले पिवळे लाकूड डोकावते. एबनी हातावर ठेवताच जड लागते. फ्रेंच संचांत रंगवलेली काळी बाजू सर्रास आढळते. तो दोष मानायचे कारण नाही.

दुसरी परीक्षा तळाची. मोहरा उलटा करावा. उघडे लाकूड, कागद, चामडे की हिरवी बनात? बुडात शिसे भरले आहे का? रेजांस संचाच्या बुडाला जड वजन आणि नवीकोरी बनात दिसली, तर कोणीतरी नंतर हात फिरवला आहे हे उघड आहे. लेथच्या खुणाही तळाशीच सर्वांत स्पष्ट असतात. आठही प्यादी ओळीने उभी करून उंची पाहावी. हाताने काढलेल्या कातकामात अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक येतोच. सात प्यादी थोडी वेगवेगळी आणि आठवे ठळकपणे निराळे असेल, तर ते बदली आहे. बदली मोहऱ्याचा रंग बहुधा तळाशी फसतो.

तिसरी परीक्षा घोड्याची. चारही घोडे शेजारी ठेवावेत. एकाच हाताने कोरलेल्या घोड्यांत नाक, कान आणि आयाळीचे काप एका वळणाचे असतात, पण हुबेहूब सारखे नसतात. हुबेहूब सारखे असतील तर यंत्रकाम. एक घोडा परका वाटला तर त्याचे डोके तळापासून वेगळे झाले होते का, सांध्यावर ताजा गोंद आहे का, ते बघावे. जेक्सच्या इंग्रजी संचात राजाच्या बाजूच्या घोड्यावर आणि हत्तीवर छोटा मुकुट उमटवलेला असतो आणि राजाच्या तळाशी पेढीचे नाव असते. फ्रेंच संचात अशी मदत मिळत नाही. असलाच तर पेटीवरचा कागद आणि ‘फ्रान्समध्ये बनवलेले’ असा शिक्का. आणि तोही साधारणपणे विसाव्या शतकाची खूण सांगतो.

चौथी परीक्षा रोगणाची. इथे आपल्याकडच्या माणसाची हमखास गल्लत होते. सुतार ज्याला ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणतो तो स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा. आणि चपडा म्हणजे लाख, जी जगाला मुख्यतः भारतच पुरवत आला. त्यामुळे पेटीवर फ्रेंच पॉलिश असणे हा संच फ्रेंच असल्याचा पुरावा होत नाही. चपड्याचा उपयोग वेगळाच आहे: अतिनील दिव्याखाली जुना चपडा नारिंगी झाक देतो, आजचे कृत्रिम रोगण तसे दिसत नाही. नोटा तपासायचा छोटा दिवा त्यासाठी पुरतो. खरा जुनेपणा असमान असतो. बोटे लागतात तिथे लाकूड गुळगुळीत आणि उजळ, कंगोऱ्यांच्या खाचांत मळ. सगळीकडे सारखाच तपकिरी रंग दिसला तर तो बाटलीतून आला आहे.

अमृतसरचे ‘फ्रेंच’ संच

या बाटलीचा पत्ता बऱ्याचदा अमृतसरचा निघतो. लाकडी बुद्धिबळ संचांच्या जागतिक बाजारात आज अमृतसरचे स्थान फार मोठे आहे. तिथे फक्त घोडेच कोरणारे कारागीर आहेत, आणि त्यांची कारागिरी अस्सल आहे. रेजांस, लार्दी, जेक्स अशा जुन्या संचांच्या नकला ते उघडपणे नकला म्हणूनच विकतात, हवे तर मुद्दाम जुनाट रंग देऊन. त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती दुसऱ्या-तिसऱ्या हातात, जेव्हा मूळ पावती गळून पडते आणि ‘आजोबांच्या काळातला’ हे शब्द चिकटतात. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एखादा चकचकीत रेजांस संच दिसला, तर आधी अमृतसर आठवावे, मग पॅरिस.

ज्याला रेजांसवर फक्त खेळायचे आहे, त्याच्यासाठी तर अशी नक्कल सरस. बुडात वजन असते, मोहरा मोडला तर दुसरा मिळतो.

गोष्टींचा बाजार

राजेरजवाड्यांच्या नावावर संच खपवण्याची रीत फ्रान्समध्ये फार जुनी आहे. सें-दनीच्या मठात जपलेले आणि आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेले ‘शार्लमान्यचे मोहरे’ अकराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत घडलेले आहेत. शार्लमान्य ८१४ मध्येच वारला होता. त्याच ठेव्यात हत्तीवर बसलेल्या राजाचा एक मोठा हस्तिदंती मोहरा आहे. तो खलिफा हारून अल-रशीदने भेट दिल्याचे सांगत. प्रत्यक्षात त्यावर युसुफ अल-बाहिली हे नाव कोरलेले आहे आणि तो भारतात किंवा सिंधमध्ये नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास घडला असावा असे मानतात.

याउलट पक्क्या पुराव्याची गोष्ट कशी असते, तेही पाहण्यासारखे आहे. १८१७ मध्ये सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनला एक चिनी हस्तिदंती संच भेट आला. भेट देणारा कँटनमधला कंपनीचा अधिकारी जॉन एल्फिन्स्टन. वॉटर्लूच्या आदल्या दिवशी जखमी झालेल्या त्याच्या भावाला नेपोलियनने मदत केली होती. मोहऱ्यांवर ‘एन’ अक्षर आणि मुकुट पाहून बेटाचा गव्हर्नर बिथरला, त्यावरून वाद झाला आणि तो कागदोपत्री उरला. त्याच घराण्यातला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या वर्षी पुण्यात रेसिडेंट होता.

मराठ्यांच्या दरबारी फ्रेंच येत-जात होते हेही खरे. शव्हालिए द सें-ल्युबां १७७७ मध्ये पुण्यात आला होता, नाना फडणीस त्याच्याशी बोलणी करत होता. शिंद्यांच्या पलटणींवर पेराँसारखे फ्रेंच सरदार होते. तेवढ्यावरून एखाद्या संचाला ‘पेशवाईतला फ्रेंच’ म्हणता येत नाही. पत्र, पावती, जुना फोटो, मृत्युपत्रातली नोंद यांपैकी काहीतरी हवे.

विस्मरणातून वर आलेल्या खऱ्या ठेव्याचे उदाहरण स्कॉटलंडचे. एडिनबरोच्या एका व्यापाऱ्याने १९६४ मध्ये पाच पौंडांना घेतलेला एक मोहरा घरच्या खणात पडून होता. तो १८३१ मध्ये सापडलेल्या प्रसिद्ध लुईस मोहऱ्यांपैकी असल्याचे कळले आणि २०१९ मध्ये सदबीच्या लिलावात त्याला ७,३५,००० पौंड आले. तिथे कोणतीही कहाणी जोडलेली नव्हती. जाणकारांनी घडण आणि सामग्री ताडून पाहिली, आणि ओळख पटली.

कायदा आणि काळजी

परदेशातून संच मागवताना किमतीइतकाच खर्च टपाल आणि आयातशुल्कात जाऊ शकतो, हा हिशेब आधी मांडावा. हस्तिदंत पूर्ण टाळावे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी भारतीय आणि आफ्रिकी अशा दोन्ही हस्तिदंतांचा व्यापार बंद झाला आहे. पांढरा मोहरा हाडाचा की दंताचा, हे भिंगाने कळते. हाडात बारीक काळसर ठिपके आणि रेघा असतात, दंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. १९७२ च्याच पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो.

शिरूर-दौंडची हवा लाकडाला कठीण. उन्हाळ्यात कोरडा कडक ताप, त्यावर पावसाळ्याची ओल. बॉक्सवुडला अशा चढउताराने तळाशी चिरा जातात. संच पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवू नये, ऊन लागू देऊ नये, पाण्याने पुसू नये. कोरडे मऊ फडके आणि क्वचित थोडे मेण पुरे. वाळवीसाठी पेटी भिंतीपासून दूर ठेवावी. खरवडून नवे पॉलिश करणे सर्वांत घातक, कारण ज्यावरून वय कळते तीच त्वचा त्यात जाते.

आपल्याकडचे कातकाम

फ्रेंच संचांच्या मागे लागलेल्या संग्राहकाच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. त्याच्या आजोळी कदाचित याहून दुर्मीळ संच पडून असेल. आंतरराष्ट्रीय नियम आपल्याकडे सर्वत्र रुजायला विसावे शतक उजाडावे लागले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ ची, आणि तिच्या संयुक्त विजेत्यांत रामचंद्र सप्रे होते. त्याआधी घरोघरी देशी पद्धतीचा खेळ चाले. मुंबईत १८१४ मध्ये छापलेल्या तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच ‘युरोपीय खेळपद्धतीला जुळवून’ असे म्हटले आहे, म्हणजे दोन्ही पद्धती तेव्हा शेजारी नांदत होत्या. या देशी खेळाचे मोहरे कातारी घडवत आणि त्यावर लाखेचे रंग चढवत. पट बऱ्याचदा कापडाचा असे आणि त्यावर काळी-पांढरी घरे नसत, नुसत्या रेघा आणि काही घरांत फुल्या. सावंतवाडीत लाखकाम आणि गंजिफा चितारी कलावंतांनी जिवंत ठेवल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने घरगुती वस्तूंना इतिहासाचा मान दिला. देशी मोहऱ्यांची धाटणीवार, गाववार नोंद मात्र रेजांसइतकी कोणी केलेली दिसत नाही.

फ्रेंच संचांचे आज जे वर्गीकरण आहे, ते तरी कुठून आले? हौशी संग्राहकांनी मोहरा-मोहरा मोजून, फोटो काढून, एकमेकांना दाखवून ते उभे केले. ‘चेस कलेक्टर्स इंटरनॅशनल’ ही त्यांची संघटना १९८४ पासून काम करते. तीच पद्धत इथे वापरायला काही अडचण नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी शिरूर, दौंड किंवा आसपासच्या वाड्यांतला जुना लाकडी संच असेल, त्यांनी तो विकण्याआधी किंवा भंगारात टाकण्याआधी एवढे करावे: सर्व मोहऱ्यांचा एकत्र फोटो, राजा-वजीर-घोडा-प्यादे यांची मिलिमीटरमध्ये उंची, तळाचा वेगळा फोटो, आणि संच कोणाकडून कोणाकडे आला ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तारीख-नावांसह लिहिलेला एक कागद. तो कागद पेटीतच ठेवावा. मोहरे अपुरे असले तरी पेटी आणि पट फेकू नयेत.